अर्धलीची वाटणी

येडू रविवारी येणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. टेम्पो घेऊन येणार, हे मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. जुळे सोलापुरातल्या त्या अरुंद गल्लीत त्यानं टेम्पो उलटा घेतला आणि मागचं फळकं बरोबर घराच्या पार्किंगकडे तोंड करून लावलं. टेम्पो असा लावला की माणूस चहाला आलाय की सामान न्यायला, हे वेगळं विचारावं लागत नाही.

पार्किंगमध्ये गाड्या नव्हत्याच. तिथं सोनालीची शिलाई मशीनं होती. दारावर 'बिरोबा युनिफॉर्म' अशी पाटी होती. रविवार असूनही काम चालू होतं, कारण एप्रिल संपत आला होता आणि शाळेचे गणवेश जूनच्या आधी पोचवायचे होते.

"भाभी, टेम्पो कायकू लाये ये लोगां?" गुलनाजनं ओव्हरलॉक थांबवून विचारलं.

"पाहुणे आहेत. तू आज घरी जा."

"और ये पिनो फ्रॉकां? आधेच हुए."

"उद्या बघू, गुलनाज."

गुलनाजनं मशीनवर कापड झाकलं, एकदा टेम्पोकडे आणि एकदा सोनालीकडे पाहिलं, आणि चपला घालून गेली. सहा वर्षं ती इथं कामाला होती. मालकीण आवाज न चढवता बोलायला लागली की काहीतरी बिनसलंय, एवढं तिला कळत होतं.

टेम्पोतून आधी मायाक्का उतरली. ती सोनालीच्या सासऱ्यांची थोरली बहीण. सांगोल्याच्या पलीकडे माळावर राहणारी, नवरा गेल्यावर शेळ्यांवर घर चालवलेली बाई. मागून तिचा मुलगा येडू उतरला. त्याच्या हातात दोरखंड होता, आणि तो कुठं लपवावा हे न सुचल्यामुळे तो हातातच राहिला.

"या आत्या," सोनाली म्हणाली. "वर चला, पंख्याखाली बसू."

"नगं," मायाक्का म्हणाली. "आज हितंच बसायचं."

या बसण्याचं मूळ सात वर्षांपूर्वीचं. सोनालीला गणवेश शिवायचा धंदा काढायचा होता, आणि तिच्या हातात शिवणक्लासचं प्रमाणपत्र सोडून काही नव्हतं. तेव्हा मायाक्कानं सांगोल्याच्या बाजारात दोन गाभण शेळ्या विकल्या आणि त्या पैशात पहिलं मशीन आलं. ते कर्ज नव्हतं. व्याज हा शब्द मायाक्का चारचौघांत उच्चारतही नाही. तिनं मशीन अर्धलीनं दिलं. तिच्या गावात जनावर असंच देतात. शेळी एकाची, सांभाळणार दुसरा. चारापाणी आणि राखण सांभाळणाऱ्याची, दूधही त्याचंच. पिल्लं मात्र निम्मी-निम्मी. सिद्धरामनं, म्हणजे सोनालीच्या सासऱ्यांनी, दोघींच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावला, "ठरलं" म्हणाला आणि पेपर वाचायला गेला. मशीनला पिल्लं कशी होणार, म्हणून घर हसलं होतं. सोनालीही हसली होती. मायाक्का हसली नव्हती, पण तेव्हा तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आता त्या पहिल्या मशीनशेजारी आणखी सहा उभी होती.

*

सिद्धराम खाली आला तेव्हा मंडळी स्टुलांवर बसली होती. एसटीत कंट्रोलर म्हणून त्यानं तीस वर्षं काढली होती. गाडी कुठं अडकलीय हे त्याला कधीच माहीत नसे, पण "येतेय, येतेय" असं तो इतक्या भरवशानं सांगे की प्रवासी पुन्हा बाकावर जाऊन बसत. घरातली भांडणंही त्यानं याच पद्धतीनं चालवली होती.

"आक्का, आदी च्या तर घे," तो म्हणाला. "मग बोलू की सावकाश. दुपारच्याला."

"सावकाश म्हनता म्हनता सात वर्सं झाली, सिद्दू."

"मामा, मीच सांगतो," येडू म्हणाला. "डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली, तुमाला ठावं हाय. झाडं उपटली. औंदा टँकरशिवाय प्यायला पानी न्हाय, तर बाग काय लावायची? सांगोल्यात गाळा बघितलाय मी. मेन रोडला. हितं सात मशीनी हायत. पयली आईची. ऱ्हायल्या सहा, त्यातल्या तीन आमच्या. भंडारा तुमीच लावला हुता."

"लावला हुता खरं," सिद्धराम म्हणाला.  सोनालीही त्याला मामा म्हणायची आणि येडूही मामाच म्हणायचा, आणि दोघं एकाच वेळी त्याच्याकडे बघत होते. त्याला मनापासून उठून जावंसं वाटलं.

"मामा, मी एक विचारू?" सोनाली म्हणाली. "अर्धलीत दूध कुणाचं?"

"राखनाऱ्याचं. त्यात काय वाद न्हाय."

"मग मशीनचं दूध म्हणजे रोजची कमाई. ती माझी. या सहा मशीनी मी त्या कमाईतून घेतल्या. म्हणजे ही पिल्लं नव्हेत. दुधाच्या पैशातून मी माझं जनावर विकत घेतलं."

सिद्धरामला हे एकदम पटलं. त्यानं येडूकडे पाहिलं, आणि येडूलाही पटलंय की काय असं त्याच्या तोंडावर दिसलं. वाद मिटला, आता जेवायला बसता येईल, असं सिद्धरामच्या मनात येऊन गेलं.

"दूध तू पेलीस का?" मायाक्कानं विचारलं.

"म्हणजे?"

"घरात घेतलंस का ते? साडी घेतलीस, दागिना केलास, म्हायेरला दिलंस?"

 सात वर्षांत सोनालीनं धंद्यातून स्वतःसाठी काही काढलं नव्हतं. घर नवऱ्याच्या पगारावर चालायचं. हातात आलेलं सगळं पुन्हा कापडात, धाग्यात, बायकांच्या पगारात आणि नव्या मशीनीत जायचं. याचा तिला अभिमान होता आणि तो तिनं कधी लपवलाही नव्हता.

"न्हाई पेलीस," मायाक्का म्हणाली. "समदं पिल्लांस्नी पाजलंस. त्यानंच ती वाडली. मग ती शेळीचीच न्हवं का?"

 सिद्धराम पुन्हा चहाचं बोलला, पण हळू.

*

मायाक्काला खरं तर तीन मशीनी नको होत्या. त्या कुठल्या कामाच्या हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं, आणि तिला तेच लागलं होतं. आपल्या कळपातली कुठली तरणी पाट कुठल्या शेळीची, ती कुठल्या साली व्याली, कुणाच्या पायाला खोड आहे, हे ती झोपेतूनही सांगे. इथं दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेला आली की तिला थेट वर नेत, पंख्याखाली बसवत, चहा देत, जाताना साडी देत. खाली मशीनींचा आवाज चालू असे. "आत्या, हे बघा आपलं नवं मशीन" असं कुणी एकदाही म्हटलं नाही. तिसऱ्या वर्षी सोनालीनं शेळ्यांचे पैसे पाकिटात घालून परत पाठवले होते. मायाक्कानं ते पाकीट तसंच माघारी धाडलं आणि दोन दिवस जेवली नाही. भागीदाराला असं पाकिटात घालून वाटेला लावतात, याचा तिला फार राग आला होता. तो तिनं बोलून दाखवला नाही. येडूनं वाटणीचा विषय काढला तेव्हा ती लगेच टेम्पोत बसली ती त्यामुळं.

"वाटनी करायची," ती म्हणाली. "रीत हाय तशी. राखनारनीनं दोन वाटे घालायचे, मालकिनीनं उचलायचा. कमी-जास्त झालं तर बोलायचं न्हाय."

"कंदीच न्हाय," येडू म्हणाला. "ही रीत लई चांगली."

सोनाली उठली. ती मशीनींमधून एक फेरी मारून आली. शिलाईची चार, एक ओव्हरलॉक, एक कॉलर दाबायचं, आणि एक काज-बटणाचं. काज-बटणाचं एकच होतं आणि सगळ्यांत महागही तेच. ते ज्या वाट्यात नाही, तो वाटा लंगडा. ओव्हरलॉकचंही तेच. कसंही मांडलं तरी दोन्हीकडे अर्धवट कारखाना उरत होता, आणि जूनची ऑर्डर त्या अर्धवटपणात बुडत होती. एकदा बुडाली की शाळा पुढच्या वर्षी दुसरीकडे जाणार. ती शाळा मिळवायला सोनालीनं दोन वर्षं मुख्याध्यापिकांच्या दारात नमुने नेले होते. पहिल्या वर्षी एका वर्गाच्या नुसत्या नाडीवाल्या हाफ पँटी मिळाल्या होत्या, त्यासुद्धा दुसरा शिंपी आजारी पडला म्हणून.

मग तिच्या डोक्यात एक युक्ती आली आणि ती तिला फारच आवडली.

कापडावर खुणा करायचा खडू घेऊन तिनं फरशीवर आडवी रेघ ओढली. रेघेच्या एका बाजूला सगळी मशीनं होतीच. दुसऱ्या बाजूला तिनं एक स्टूल ठेवलं आणि त्याच्यावर शाळेच्या नमुन्याचा आकाशी शर्ट घडी घालून ठेवला.

"हा एक वाटा," ती मशीनींकडे हात करून म्हणाली. "सातच्या सात. पहिलंसुद्धा. आणि हा दुसरा."

"शर्ट?" येडू म्हणाला.

"शर्ट नव्हे, भावजी. काम. शाळेची ऑर्डर, दुकानदारांची ओळख, गुलनाज आणि तिच्या बरोबरच्या बायका. कापडवाला पैशांसाठी महिनाभर थांबतो ते. आणि बिरोबा युनिफॉर्मचा माल वेळेवर येतो हा लोकांचा भरवसा."

"ही काय वाटनी हाय व्हय?" येडू हसायला लागला. "हिकडं सात मशीनी आन् तिकडं नुसतं वारं!"

सोनालीनं चेहरा सरळ ठेवला. तिचा हिशेब सोपा होता. सोलापुरात मशीन भाड्यानं मिळतं. ओळखीतले दोन कारखाने काम नसल्यानं रिकामे पडले होते, उद्या सकाळी फोन केला की काम चालू. शाळा मात्र भाड्यानं मिळत नाही. येडू सगळी मशीनं घेऊन जाईल, आत्याचं समाधान होईल, भंडाऱ्याचा शब्द राहील, आणि धंदा जिथल्या तिथं राहील. थोडं वाईटही वाटत होतं तिला, येडूचं. पण थोडंच.

"आई, मशीनी घे," येडू म्हणाला आणि दोरखंड सोडायला लागला.

"थांब," मायाक्का म्हणाली. "ह्या न्हेऊन तू शिवनार काय?"

"काम मिळंल की."

"कुनाचं?"

"सांगोल्यात शाळा काय कमी हायत?"

"त्यांची पोरं आता काय उगडी जात्यात का? कोन तरी शिवतंयच न्हवं? त्यो तुला का दील?"

"मिळंल म्हनतोय न्हवं मी, आई."

"बागेच्या येळंला असंच म्हनालास. पानी मिळंल की."

येडूचं तोंड पडलं. मायाक्का उठली, गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबली, आणि रेघेपलीकडे जाऊन तिनं स्टुलावरचा शर्ट उचलला.

"ह्यो माजा वाटा."

*

बिरू, म्हणजे सोनालीचा नवरा, इतका वेळ जिन्याच्या पायरीवर बसून होता. महापालिकेच्या पाणीपट्टी विभागात त्याची नोकरी होती आणि दिवसभर लोकांचे वाद ऐकून घेणं हेच तिथलं काम होतं. घरी आल्यावर तो वादात पडत नसे. आज मात्र बायकोचा चेहरा उतरलेला त्यानं पाहिला, आणि त्याला तिची कीव आली. तो तिला बाजूला घेऊन गेला.

"एवढं काय मनावर घेतीस? परवाना तुझ्या नावावर. बँकेचं खातं तुझं. शाळा तुला ओळखते, आत्याला नाही. जाऊ दे तो शर्ट घेऊन. दुपारी मॅडमना एक फोन कर, झालं. मशीनी तर आता सगळ्या आपल्याच झाल्या. उलट फायदा झाला आपला."

"हं."

"आत्याला काय कळतंय ऑर्डर म्हणजे काय ते."

"तिला कळलं म्हणून तर तिनं उचललं, अहो."

"मग काय करणारेस?"

 नवऱ्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. कागदावर मायाक्काचं नाव कुठंच नव्हतं. सोनालीला कुणी फसवलेलंही नव्हतं. वाटे तिनंच घातले होते, आणि ते घालताना आत्याला काय ठाऊक असणार अशीच तिची खात्री होती. तिला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त, भीती वाटली. सात वर्षांनी तिच्याकडे नुसती सात मशीनं राहिली होती, आणि ती मशीनं घेऊन उद्या काय शिवायचं हे तिला येडूइतकंच माहीत होतं.

ती परत आली. मायाक्का शर्ट उलटा करून शिलाई बघत होती.

सोनालीनं मोबाईल काढला, शाळेच्या मॅडमना लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"बोला सोनालीताई. वेळेत होतंय ना सगळं?"

"मॅडम, एक सांगायचं होतं. आपल्या ऑर्डरचं आता इथून पुढं मायाक्का बघतील."

"कोण मायाक्का?"

सोनालीनं वर पाहिलं. जिन्यावरून बिरू हातानं नको नको म्हणत होता.

"मालकीण," ती म्हणाली.

 "मला कळलं नाही. मग शिवणार कोण? तुम्हीच ना?"

सोनालीनं मायाक्काकडे पाहिलं. मायाक्कानं मोबाईल तिच्या हातातून घेतला आणि तोंडासमोर आडवा धरला.

"शिवायचं कुनी ते ठरायचंय अजून, बाई. सांजच्याला कळवते. पोरांचं अडू देनार न्हाई, काळजी करू नगासा." आणि कसा बंद करतात ते माहीत नसल्यामुळे तिनं तो तसाच सोनालीला परत दिला.

येडू ताडकन उठला. "म्हंजी मला काय? मी गाळ्याचं बोलून आलोय!"

"तू बोललास. मी न्हाई."

"सून जवळची झाली तुला. पोटचा पोरगा न्हाई."

"सून न्हाई आन् पोरगा न्हाई. माजा धंदा हाय ह्यो. तुला यायचं तर ये हितं, शिक. उद्यापास्नं ये."

"हितं बायकांत बसून काज करू व्हय मी?"

त्यानं दोरखंड टेम्पोत फेकला, फळकं आपटून लावलं आणि कुणाचा निरोप न घेता टेम्पो काढला. सिद्धराम त्याच्या मागं दारापर्यंत गेला. "येईल, येईल," तो परत येऊन म्हणाला. मायाक्कानं डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. पोरगा रिकामा गेला याचं तिला दुःख झालं होतं आणि ते लपवायचा तिनं फारसा प्रयत्नही केला नाही.

"बस," ती सोनालीला म्हणाली. "काम माजं, मशीनी तुज्या. माज्याकडं मशीन न्हाई आन् तुज्याकडं काम न्हाई. शिवून देतीस का?"

"देते, आत्या."

"मग भाव ठरीव. एक शर्ट शिवायचं काय घेशील?"

हे सोनालीचं रोजचं होतं. ती स्टूल ओढून समोर बसली आणि तिचा आवाज सुधारला. कटिंग एवढं, शिलाई एवढी, काज-बटण, इस्त्री, घडी. धागा आणि बटणं वेगळी. विजेचं बिल शर्टामागं किती पडतं तेही तिनं सांगितलं. जागा घरची असली तरी तिचं भाडं धरायचं असतं, हे सांगितल्यावर सिद्धरामनं कान टवकारले. आतापर्यंत त्याला कुणी भाडं दिलं नव्हतं.

"बरं," मायाक्का म्हणाली. "आन् तुजं?"

"माझं काय?"

"तू बसतीस न्हवं हितं. सकाळपास्नं दिवा लागंस्तवर. बायकांस्नी शिकवतीस, कापड बघतीस, शाळंत जातीस. त्या पोरीचं सांगितलंस, इस्त्रीवाल्याचं सांगितलंस. तुजं कुटं धरलंस?"

"ते मी धरत नाही, आत्या. घरचाच धंदा."

"आता कुटं घरचा हाय? माजा हाय. फुकट राबनाऱ्याचा मला भरवसा न्हाय. त्यो एक दिस भांडत उटतो." तिनं शर्ट मांडीवर ठेवला. "बोल. तुजं किती?"

सोनालीनं तोंड उघडलं. गुलनाजचा पगार तिला ठाऊक होता, नव्या मुलीला पहिल्या महिन्यात काय द्यायचं ते ठाऊक होतं, शेजारच्या कारखान्यात मास्तर काय घेतो तेही ठाऊक होतं. स्वतःचा आकडा तिला सापडेना. तिनं एक मनात धरला, तो फार वाटला. दुसरा धरला, तो इतका कमी होता की तेवढ्यात तिनं स्वतः कुणालाच कामाला ठेवलं नसतं. तिनं बिरूकडे पाहिलं. तो खाली बघत होता. सासऱ्यांकडे पाहिलं, त्यांना चहाची आठवण झाली होती.

तिनं खडू उचलला आणि काही न लिहिताच परत ठेवला. 

"माहीत नाही, आत्या," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही कधी."

"मी इचारतीया न्हवं," मायाक्का म्हणाली, आणि उत्तराची वाट बघत बसून राहिली.